बंदी, फार्महाऊस आणि तिसरं काहीच नाही

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा आत्याचा फोन आला, "काय रे, बंद पडला का तुझा ब्लॉग?" आत्या कर्जतला दहिवलीत राहते आणि या पानाची सर्वात नियमित वाचक आहे. (दुसरी आई. ती वाचून मताबद्दल काही बोलत नाही, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांगते.) तर आत्या, हे तुझ्याच तालुक्याबद्दल आहे आणि जरा चिडून लिहिलंय. सांभाळून घे.

झालं असं की गेल्या जुलैत माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, पेनसिल्व्हेनियाहून तीन आठवड्यांसाठी आला होता. बरोबर वहिनी आणि दोन मुलं. मुलांना "आपला" पाऊस दाखवायचा हा एककलमी कार्यक्रम. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीतून दिसणारा पाऊस दोन दिवसांत दाखवून संपला. मग रविवारी सगळे दोन गाड्यांत कोंबून कर्जतला. दुपारी आत्याकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, आणि चारच्या सुमारास धबधबा. धबधब्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. गणपतीच्या सुट्टीत मी आणि दादा तिथे जायचो तेव्हा त्याला नाव नव्हतंच. आत्याच्या घरी त्याला "वरचा ओहोळ" म्हणत.

फाट्यावर बॅरिकेड. एक हवालदार छत्रीत, एक होमगार्ड बिनछत्रीचा. "पुढं बंदी आहे. गाडी मागं घ्या." आम्ही निमूटपणे गाडी मागे घ्यायला लागलो. आपल्याला सवय आहे. पण दादा खाली उतरला आणि अगदी सरळपणाने विचारता झाला, "पार्कचं ऑफिस कुठे आहे? तिथे विचारून येतो."

हवालदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, पार्क कसलं? जंगल आहे ते."

त्या वेळी आम्ही सगळे खो खो हसलो. दादासुद्धा. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण दादाचा प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. तो राहतो त्या राज्यात अशा जागी बहुतेकदा पार्कच असतं. त्याला ऑफिस असतं, ऑफिसात माणूस असतो, आणि तो माणूस "आज वरची वाट निसरडी आहे, खालून जा" असं सांगतो. आपल्याकडे जंगल आहे. माणूस फक्त बॅरिकेडवर आहे, आणि तोही जुलै-ऑगस्टपुरता.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ट्रेकर ब्लॉगमित्रांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) कर्जत आणि खालापूर हे रायगडचे दोन आतले तालुके, समुद्र न दिसणारे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यावर राजमाची, ढाक, भीमाशंकर. पश्चिमेला माथेरानचा डोंगर. मधून उल्हास नदी वाहते, खालापुरात पाताळगंगा. कोंढाण्याची लेणी इथली, कातळात आतून कोरलेल्या जिन्याचा कोथळीगड इथला, खांडसहून भीमाशंकरला चढणारी गणेश घाट आणि शिडी घाट ही वाट इथली. आणि हे सगळं मुंबईहून लोकलच्या तिकिटात. सीएसटीहून कर्जत साधारण शंभर किलोमीटर, थेट गाडी, पुढे खोपोलीपर्यंत रेल्वे. इतक्या मोठ्या शहराला इतकं जवळ, इतकं देखणं जंगल जगात किती ठिकाणी मिळत असेल?

आणि तिथे आपण काय करून ठेवलंय, तर दोनच गोष्टी. एक बंदी. दुसरं फार्महाऊस.

आधी बंदी. दर पावसाळ्यात आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यातलं कलम १६३. कलमाचा आकडा बदलला, यादी तीच: सोलनपाडा, पाली-भूतिवली, आषाणे, टपालवाडी, खोपोलीकडे झेनिथ, आडोशी. एक-दोन माणसं बुडाली की आदेश निघतो, पाऊस संपला की तो विरून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आता मी बंदीच्या विरोधात आहे असं समजून लगेच तावातावाने प्रतिक्रिया लिहू नका. माणसं खरंच मरतात. ३० जून २०२४ ला घाटाच्या वर, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एकमेकांना धरून मध्ये उभी होती सगळी. मी तो दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. त्या कुटुंबाला पाणी वाढतंय हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. हे सांगायला वर डोंगरात काय चाललंय ते ओळखणारा एक माणूस, एक शिट्टी आणि एक दोर लागतो. आदेशाच्या कागदाला ते काम जमत नाही. शिवाय बंदी आहे म्हणून लोक येत नाहीत असंही नाही. ते पहाटे येतात, आडवाटेने येतात, जिथे बॅरिकेड नाही तिथे उतरतात. म्हणजे माहितीचा धबधबा सोडून अनोळखी धबधब्यात! याला सुरक्षा म्हणायचं?

दादाकडे 'रिकेट्स ग्लेन' नावाचं एक राज्य उद्यान आहे. एकाच उद्यानात बावीस धबधबे. मी तिथे एकदा गेलोय, ऑक्टोबरात. हिवाळ्यात तिथली धबधब्यांची वाट गोठते, काचेसारखी होते, आणि ती आपल्या पावसाळी कातळापेक्षा जास्तच जीवघेणी. मग त्यांनी काय केलं? हिवाळ्यात ज्याच्याकडे बर्फावर चालायचं सामान आहे त्याला जाऊ देतात, नसेल त्याला नाही. बाकीच्यांसाठी उरलेलं उद्यान उघडं. राहायला साध्या केबिन आहेत, बाराही महिने. पेनसिल्व्हेनियातल्या राज्य उद्यानांत शिरायला पैसेही पडत नाहीत, राहिलात तर राहण्याचे पडतात.

इथे मला ते "अमेरिकेत ना..." असं वाक्य सुरू करणाऱ्या नातेवाइकांसारखं व्हायचं नाहीये. (दादा, तुला नाही म्हणत!) पण हे उद्यानांचं प्रकरण तिथेही आकाशातून पडलं नाही. त्यातल्या कितीतरी केबिन आणि पायवाटा १९३३ ते १९४२ या काळात बेकार पोरांनी बांधल्यात. महामंदी होती, हाताला काम नव्हतं. रूझवेल्टने अशी जवळजवळ तीस लाख पोरं देशभरच्या जंगलांत कामाला लावली. पुढे १९५५ पासून चोवीस वर्षं पेनसिल्व्हेनियाचं ते खातं सांभाळणाऱ्या मॉरिस गोडार्ड नावाच्या गृहस्थाने हट्ट धरला की राज्यातल्या प्रत्येक माणसाला पंचवीस मैलांच्या आत एक उद्यान असलं पाहिजे. म्हणजे कुणीतरी ठरवलं आणि मग झालं. आणि दुष्काळात हाताला काम देऊन गावासाठी काहीतरी उभं करायचं, ही कल्पना महाराष्ट्राला काय कुणी शिकवायची? वि. स. पाग्यांची रोजगार हमी आपलीच. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांतून किती पाझर तलाव झाले, किती रस्ते झाले. जंगलातल्या पायवाटा आणि चार भिंतींचे निवारे झाले नाहीत, कारण जंगलात माणसाने राहायला जायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. साहेब सोडून.

साहेबांवरून आठवलं. जंगलात सरकारी विश्रामगृहं पूर्वीपासून आहेत. इंग्रजांनी जागा मोठ्या रसिकतेने निवडल्या: टेकाडावर, समोर दरी, मागे विहीर. काही वर्षांपूर्वी अशाच एका विश्रामगृहासाठी मी अर्ज केला होता. कुठलं ते सांगत नाही. अर्ज, मग फोन, मग "समक्ष या", मग समक्ष गेल्यावर "साहेब जेवायला गेलेत". शेवटी खोली मिळाली. आम्ही बोचकी बांधून निघणार तेवढ्यात फोन: "मोठे साहेब येतायत, तुमचं रद्द." मोठे साहेब त्या शनिवारी आले की नाही देव जाणे. शिपाई नंतर म्हणाला, कुणीच आलं नाही. त्या खोलीत दोन रात्री वटवाघळं राहिली असतील, आणि आम्ही डोंबिवलीत.

हे झालं बंदीचं. आता दुसरं, फार्महाऊस.

त्या रविवारी धबधबा हुकल्यावर मुलांची तोंडं पाहवेनात. वहिनीने फोनवर शोधून एक "निसर्गाच्या कुशीतलं" ठिकाण काढलं. एका रात्रीचे अकरा हजार, जेवण वेगळं. नाव सांगत नाही, कारण तिथे अशी पन्नास ठिकाणं आहेत आणि सगळी तशीच आहेत. भोवती पत्र्याचं उंच कुंपण. आत कापलेली हिरवळ, प्लॅस्टिकचा जिराफ, निळा पोहण्याचा तलाव. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि आत रेन डान्स लावलाय! म्हणजे आकाशातून पडतंय ते पाणी फुकट म्हणून खोटं, आणि नळीतून येतंय ते पैसे भरलेलं म्हणून खरं. शेजारच्या बंगल्यात रात्री दोनपर्यंत स्पीकर. पुतण्याने मला विचारलं, "काका, जंगल कुठे आहे?" मी त्याला कुंपणापाशी नेऊन पत्र्याच्या फटीतून दाखवलं. खोटं सांगत नाही.

तिथे राखण करायला एक कातकरी जोडपं होतं, मागच्या खोलीत. सकाळी बाई कुंपणापलीकडून भाजी खुडून आणत होती. टाकळा, कुर्डू, भारंगीची पानं. आईने लगेच गप्पा सुरू केल्या (आईला भाजी दिसली की ती जग विसरते) आणि पंधरा मिनिटांत शेवळं कधी संपली, या वर्षी काकडं मिळाली का, सगळं बोलून झालं. मी धबधब्याबद्दल विचारलं.

"आता नाय जाऊ देत तिकडं," ती म्हणाली. "आमची पोरं पण बसून हायती. मक्याची कणसं विकायची, वाट दाखवायची. दोर घेऊन उभी रहायची. दोघातिघांना काढलं पण त्यांनी बाहेर. आता पोलिस त्यांनाच पहिलं हाकलतात."

"मग आता?"

"आता काय. दिवाळी झाली की भट्टीवर."

भट्टी म्हणजे वीटभट्टी. तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. दिवाळीनंतर या दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्या ओस पडतात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला सगळं घर, पोराबाळांसकट, भट्टीवर जातं ते पाऊस तोंडावर आल्यावर परततं. पोरांची शाळा तिथेच संपते. ज्यांच्या जमातीचं नावच खैराचा कात काढण्यावरून पडलं, ज्यांना या डोंगरातली प्रत्येक वनस्पती नावानिशी माहीत, ती माणसं आठ महिने आपल्या घरांच्या विटा थापतात. उरलेले चार महिने आपल्या पोहण्याच्या तलावात पडलेली पानं काढतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये तलाव टँकरने भरला जातो तेव्हा डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन झऱ्याच्या डबक्यापाशी रांगेत बसलेल्या असतात.

माझा राग इथला आहे. बॅरिकेडवरच्या हवालदारावर नाही, तो बिचारा भिजत उभा होता.

या दोन तालुक्यांनी मुंबईला आणि तिच्या उपनगरांना काय काय दिलंय याचा हिशोब कुणी मांडत नाही. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. नंतर भिवपुरी. घाटावरच्या धरणांचं पाणी पाइपातून खाली येतं, वीज करून पाताळगंगेत आणि उल्हासात सुटतं. म्हणून तर या नद्या मे महिन्यातही वाहतात, आणि आम्ही डोंबिवलीकर तेच उल्हासचं पाणी पितो. मोरबे धरण खालापुरात, पाणी नवी मुंबईला. वीज दिली, पाणी दिलं, विटा दिल्या, शनिवार-रविवार दिले. बदल्यात एक बारमाही नोकरी तरी?

बारमाही म्हणतोय त्याला कारण आहे.

इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकरांची वाडी, दरड कोसळून गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढेनात, बचावाची माणसं भर पावसात पायवाटेने चढून हातांनी माती उकरत होती. आपल्यापैकी कितीजण त्या वाडीत जेवलोय? मी दोनदा जेवलोय. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी, आणि पडवीत झोपायला घोंगडी. सकाळी त्यांचा पोरगा वर नेढ्यापर्यंत आला होता वाट दाखवायला, अनवाणी. पैसे किती, विचारलं तर त्याची आई म्हणाली, "द्या काय ते." त्या बातमीनंतर आठवडाभर मी त्या पोराचा चेहरा आठवत होतो आणि मला तो नीट आठवत नव्हता, त्याची अजून लाज वाटते.

ती वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. नसेल. याद्या कुठेतरी लांब बसून होतात. पण समजा तिथे एखादी साधी वनचौकी असती, वर्षाचे बारा महिने पगारावर असलेली वाडीतलीच दोन माणसं असती, त्यांना उतारावरच्या भेगा, झऱ्याचं गढूळ पाणी, वाकलेली झाडं यांची नोंद करून कळवायचं काम दिलेलं असतं, आणि कळवल्यावर ऐकणारं कुणी असतं... तर ती माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही. असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण शहरातून हौशीने चढणारे आम्ही तिथे मुक्काम करत होतो, म्हणजे ती जागा मुक्कामाची होती. चालवणाऱ्या वाडीला तेवढं सोडून कुणी विचारलं नव्हतं. मग ती वाडी गेल्यावर तिच्या उरलेल्या माणसांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवावं लागलं, आणि नवी घरं पुढे बांधली गेली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. या डोंगरात एक सरकारी, स्वस्त, बारमाही मुक्कामाची सोय असलेलं वनउद्यान करा. जागा शोधायला नको. खांडस घ्या, कोंढाण्याच्या पायथ्याचं कोंदिवडे घ्या, कोथळीगडाखालचं आंबिवली घ्या. खालच्या गावात दहा-बारा खोल्या, कौलारू. संडास, ज्यात पाणी असेल. प्यायचं पाणी. वाटांवर खुणा. प्रत्येक धबधब्यापाशी पावसाळ्यात दोर, शिट्टी आणि दोन माणसं, ज्यांना "आज नाही" म्हणायचा अधिकार असेल. म्हणजे बंदी असेलच, पण ती त्या दिवसापुरती, त्या ओहोळापुरती, आणि डोळ्यांनी पाहून घातलेली. गणपती ते दिवाळी रानफुलं, हिवाळ्यात गड, मार्चमध्ये पळस-पांगारा, मेमध्ये करवंदं-जांभळं आणि पावसाआधीचे काजवे. चार महिन्यांचं जंगल कुणी सांगितलं?

आता आक्षेप. मला माहीत आहे तुम्ही काय लिहिणार आहात.

"सरकार करणार म्हणजे कॉन्ट्रॅक्टर करणार." हो, ही भीती खरी आहे. उद्यान म्हटलं की आपल्याकडे काचेचा पूल, रोप वे, सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचा वाघ. म्हणूनच म्हणतोय, मोठं काही करू नका. पण सरकारला साधं काही जमतच नाही असंही नाही. आपल्याच रायगडात फणसाड अभयारण्य आहे, मुरुडच्या वर. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. सुपेगावला वनखात्याची राहण्याची साधी सोय आहे, गावच्या बाया रांधून वाढतात. जेवण झक्कास, रात्री काळोख मिट्ट, स्पीकर शून्य. तिथे जमतं ते कर्जतला का नाही? की कर्जतची जमीन फार महाग झाली म्हणून?

"लोक घाण करतात." करतात. पण नियम एकच आणि कडक असेल तर लोक पाळतात, याचा पुरावा कर्जत तालुक्यातच आहे, माथेरान. १८५० साली मॅलेट साहेब वर चढले, १९०७ मध्ये पीरभॉयांची गाडी आली, आणि आज इतक्या वर्षांनीही तुमची कितीही मोठी गाडी असो, ती दस्तुरीला थांबते. २००३ साली तर केंद्राने तो सगळा परिसर संवेदनशील म्हणून जाहीरच केला. माथेरानमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. पेव्हर ब्लॉकची भांडणं, ई-रिक्षांची भांडणं. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा तर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगून बंद करावी लागली, सहा महिन्यांच्या मुदतीने. आणि ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्या, गुजरातेत केवडियाला दिल्यात तशा, हेही न्यायालयानेच सुचवलं. तरी पण एक नियम गाडीवाल्या मुंबईकराने इतकी वर्षं पाळलाय ना? बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बघा. शंभरावर चौरस किलोमीटर, भोवती जगातली एक दाट वस्ती, आत बिबटे, आणि सकाळी फिरायला येणारे आजोबा. चालतंय की.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच ट्रेकर मंडळींचा. तो कुणी उघड लिहीत नाही. "सोय केली की गर्दी होईल, जंगलाची मजा जाईल." म्हणजे जंगल आपल्यापुरतं राहू दे. मित्रांनो, मीही ही मजा लुटलीय. पेठच्या पडवीत झोपलोय, राजमाचीला चंद्र बघितलाय, आणि खाली येऊन त्यावर इथे लेख पाडलेत. पण माझ्या आईला गुडघ्यांमुळे कोथळीगड चढता येत नाही. आत्याने आयुष्यभर कर्जतला राहून भीमाशंकरचं शेकरू पाहिलेलं नाही. माझ्या शेजारच्या रिक्षावाल्याला चार पोरं घेऊन रविवारी कुठे जायचं हा प्रश्न पडतो तेव्हा त्याच्यापुढे मॉल किंवा बॅरिकेड. त्याला अकरा हजाराचं फार्महाऊस परवडत नाही आणि ट्रेकची बॅग त्याच्याकडे नाही. सरकारी जंगल त्याचंही आहे ना? आणि गर्दी व्हायची ती झालीच आहे. फक्त तिला सांभाळायला कुणी नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हे उद्यान वाड्यांना उठवून करायचं असेल तर मला नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं जंगल राखायचा हक्क दिलाय. तेव्हा चालवायचं त्यांनी, पगार त्यांना, खोलीचं भाडं ग्रामसभेत. आपण पाहुणे. "आज नाही" म्हणाले तर गाडी मागे घ्यायची, हुज्जत न घालता. हवालदारापुढे घेतलीच होती की.

असो. खूप लांबलं. आई, ऱ्हस्व-दीर्घ फोनवर सांग.

दादाची मेल आलीय. पुढच्या जुलैत परत येतोय, मुलांचाच हट्ट आहे. "या वेळी आधीच बुक करून ठेव," म्हणतो, आणि खाली विचारलंय की कुठल्या साइटवर करायचं. मी पेठच्या एका घरी फोन लावला. बुकिंग म्हटल्यावर पलीकडची बाई जरा गोंधळली, मग म्हणाली, "किती जण? या की." आत्या, शनिवारी दुपारी आठ माणसं जेवायला आहोत. बिरडं कर.